स्क्रीनवरचं वाळवंट, टेबलावरची कुंडी: निवडुंगांची ऑनलाइन व्याख्यानं कशी ऐकावीत

माझ्याकडे एक लिथॉप्स होतं, निवडुंगाचं नव्हे पण त्याच्यासारखंच पाणी साठवणारं छोटं झाड. दोन जाड पानं, मधे एक फट, वरून बघितलं तर नदीकाठची गारगोटी. पहिल्या वर्षी फूल येऊन गेलं आणि काही दिवसांनी त्या फटीतून नवी पानं डोकावायला लागली. झाड वाढीला लागलंय, आता त्याला पाणी हवं, असं समजून मी पाणी घातलं. जुनी पानं सुकायची सोडून टम्म फुगून बसली, नवी जोडी त्यांच्यावर चढली आणि महिन्याभरात एकावर एक दोन मजले तयार झाले. खालच्या पानाला बाजूने चीर गेली, तिथून कूज लागली आणि झाड गेलं.

त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी एका ऑनलाइन व्याख्यानात वक्त्याने अगदी तसाच दुमजली लिथॉप्सचा फोटो दाखवला. नवी पानं आत तयार होत असताना ती आपलं पाणी जुन्या पानांतून ओढून घेतात. त्या काळात मुळांना पाणी मिळालं तर जुनी पानं रिकामी होतच नाहीत. ती कागदासारखी पातळ होऊन चुरगळेपर्यंत कुंडी कोरडी ठेवायची. सांगायला अर्धा मिनिट लागला असेल. तेव्हापासून मी ही व्याख्यानं नेमाने ऐकतो आहे, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्यांना त्यांतून जास्तीत जास्त कसं मिळेल, ते इथे क्रमाने सांगतो.

आधी एक कुंडी निवडा

व्याख्यान निवडण्याआधी झाड निवडा. तासाभराच्या व्याख्यानात साठ-सत्तर चित्रं सहज असतात, प्रत्येकावर एकदोन लॅटिन नावं, आणि वक्ता तीस-चाळीस वर्षांचा अनुभव भराभर सांगत असतो. नवा माणूस पहिल्या पंधरा मिनिटांतच गांगरतो आणि पुढचं सगळं नुसतं छान छान बघत राहतो. समोर आपली एक कुंडी असेल तर तसं होत नाही. कान आपोआप त्या झाडाशी जुळणाऱ्या गोष्टी टिपायला लागतात.

ती कुंडी खरोखर टेबलावर आणून ठेवा. कागदावर चार ओळी लिहा: झाडाचं नाव (माहीत असेल तेवढं), ते किती दिवसांपासून आहे, त्याला ऊन किती तास आणि दिवसाच्या कुठल्या वेळी मिळतं, आणि तुम्हाला त्याची कुठली गोष्ट खटकते. फूल येत नाही, एका बाजूला कलतंय, बुंध्याशी तपकिरी पडलंय, दोन वर्षांत जराही वाढलेलं नाही. जे असेल ते.

नाव माहीत नसेल तर निदान ते निवडुंगाच्या कुळातलं आहे की दुसरं कुठलं सक्युलंट, म्हणजे पानांत-खोडात पाणी साठवणारं मांसल झाड, एवढं पाहून घ्या. काटे जिथून निघतात तिथे लोकरीसारखी बारीक गादी दिसली तर तो निवडुंग. या गादीला एरिओल म्हणतात. काटे, पिल्लं आणि बहुतेक जातींत फुलंही तिथूनच येतात. युफोर्बियाला काटे असले तरी अशी गादी नसते, आणि त्याला जरा खरचटलं की पांढरा चीक येतो. हा चीक त्वचेला आणि डोळ्यांना फार जाचतो, म्हणून मुद्दाम टोचून बघू नका. निवडुंग हे जवळजवळ सगळे अमेरिका खंडांतले आहेत. फक्त ऱ्हिप्सालिस बॅक्सिफेरा ही एकच जात आफ्रिकेत, मादागास्करमध्ये आणि श्रीलंकेतही आपसूक वाढते. त्यामुळे व्याख्यानाचा विषय आफ्रिका असेल तर तिथे बहुधा मांसल पानांची झाडं, युफोर्बिया, कोरफडीची भावंडं असंच ऐकायला मिळेल. मॅमिलेरिया नावाच्या निवडुंगाची कुंडी घेऊन तिथे बसलात तर तासभर चुकल्यासारखं वाटेल.

कुठलं व्याख्यान?

ही व्याख्यानं बहुतेक करून हौशी मंडळींच्या संस्था भरवतात. यांतल्या काही संस्था बऱ्याच जुन्या आहेत. जर्मन निवडुंग संस्था १८९२ सालची, अमेरिकेतली कॅक्टस अँड सक्युलंट सोसायटी १९२९ सालची, आणि ब्रिटिश कॅक्टस अँड सक्युलंट सोसायटी १९८३ मध्ये आधीच्या दोन संस्था एक होऊन तयार झाली. पूर्वी यांच्या शाखा संध्याकाळी एखाद्या सभागृहात जमायच्या आणि पारदर्शिका दाखवून गप्पा व्हायच्या. २०२० मध्ये सगळं जग घरात बसलं तेव्हा अशा बऱ्याच सभा झूमवर आल्या आणि एरवी कधीच त्या सभागृहात पोचू न शकणाऱ्या लोकांना दार उघडलं. काही व्याख्यानं सर्वांना खुली असतात, काहींना सभासद व्हावं लागतं, काहींची चित्रफीत नंतर यूट्यूबवर येते. संस्थेच्या संकेतस्थळावर हे स्पष्ट लिहिलेलं असतं.

विषय ढोबळपणे चार प्रकारचे. एखाद्या प्रदेशातल्या भटकंतीचं वर्णन, एकाच प्रजातीवर सविस्तर बोलणं, लागवडीचं तंत्र (बी पेरणं, कलम, कीड), आणि नावं-वर्गीकरण किंवा संवर्धन. नव्या माणसाला कोणीही सांगेल की लागवडीपासून सुरू कर. माझं मत वेगळं आहे. भटकंतीच्या व्याख्यानापासून सुरुवात करा. लागवडीच्या व्याख्यानात वक्ता त्याच्या काचघरात, त्याच्या हवेत, त्याच्या मिश्रणात काय चालतं ते सांगतो. भटकंतीत झाड स्वतः कसं जगतं ते दिसतं, आणि ते एकदा कळलं की लागवडीचं कुठलंही व्याख्यान नीट पारखून घेता येतं. वर्गीकरणाची व्याख्यानं मात्र पहिल्या वर्षी सोडून द्या.

घड्याळाचा घोळ

नवे लोक सर्वांत जास्त इथेच अडकतात. जाहिरातीत वेळ वक्त्याच्या किंवा संस्थेच्या देशाची असते. आधी ती जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीत आणा आणि मग आपल्या घड्याळात. ब्रिटनमधलं संध्याकाळी साडेसातचं व्याख्यान जानेवारीत यूटीसीच्या १९:३० ला असतं, पण जुलैत तेच १८:३० ला, कारण तिथे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे नेतात. तुमचं घड्याळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असेल तर जानेवारीत ते रात्री १ वाजता सुरू होईल, आणि कॅलेंडरवर तोवर दुसरा दिवस उजाडलेला असेल. गुरुवारचं व्याख्यान म्हणून गुरुवारी रात्री जागायचं, पण फोनवर गजर शुक्रवारी १ चा लावायचा. माझं एक चांगलं व्याख्यान या एका दिवसाच्या फरकानेच हुकलं.

युरोपात घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. अमेरिकेत हेच मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतं. त्यामुळे मार्चमधले दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरच्या अखेरचा एक आठवडा नेहमीचं गणित चुकतं. त्यातून ॲरिझोनाच्या बहुतेक भागात घड्याळ बदलतच नाहीत, आणि निवडुंगांवर बोलणारी पुष्कळ माणसं तिथलीच. दर वेळी नव्याने हिशोब करा, मागच्या महिन्याचा वापरू नका.

नोंदणी आणि पहिली पाच मिनिटं

नोंदणीत नाव आणि ईमेल द्यावा लागतो. लिंक मेलने येते आणि कित्येकदा स्पॅममध्ये जाऊन पडते, तेव्हा आदल्या दिवशीच शोधून ठेवा. लिंक तुमच्यापुरती असते, पुढे पाठवू नका. दहा मिनिटं आधी आत या. माइक म्यूट ठेवा. कॅमेरा लावलाच पाहिजे असं कुठेच नसतं. उपशीर्षकं चालू करा, परक्या उच्चारांना त्यांचा फार आधार होतो. पण लॅटिन नावांच्या बाबतीत त्यांच्यावर विसंबू नका, यंत्र त्यांचा पार चुराडा करतं.

ऐकताना: आधी जागा, मग कृती

आता खरं काम. वक्ता 'दर पंधरा दिवसांनी पाणी द्या' म्हणाला की ते लिहून घ्यायचा मोह होतो. तो आवरा. ते पंधरा दिवस त्याच्या कुंडीच्या आकाराचे, त्याच्या मिश्रणाचे, त्याच्या आकाशातल्या उन्हाचे असतात. त्याऐवजी झाडाच्या मूळ जागेविषयी तो जे बोलता बोलता सांगून जातो ते टिपा. मी वहीत पानाच्या डाव्या बाजूला चार शब्द आधीच लिहून ठेवतो: पाऊस, रात्र, सावली, जमीन. पाऊस कुठल्या ऋतूत पडतो, रात्री किती थंड होते, झाड उघड्यावर आहे की कशाच्या आडोशाला, आणि ते मातीत उभं आहे की खडकाच्या फटीत.

पावसाचा ऋतू सर्वांत महत्त्वाचा. मेक्सिकोतल्या बऱ्याचशा निवडुंगांना उन्हाळ्यात पाऊस मिळतो, म्हणून मॅमिलेरिया उन्हाळ्यात वाढतात आणि थंडीत कोरडा विसावा घेतात. दक्षिण आफ्रिकेच्या नामाक्वालँडमध्ये पाऊस हिवाळ्यात येतो. तिथलं कोनोफायटम नावाचं छोटं मांसल झाड थंडीत वाढतं आणि उन्हाळा आपल्याच जुन्या पानांच्या वाळक्या पापुद्र्यात मिटून काढतं. वरून ते पार मेल्यासारखं दिसतं. ज्याने ती जागा पाहिलेली नाही तो घाबरून त्याला भर उन्हाळ्यात पाणी घालतो, आणि झोपलेलं झाड कुजतं. नामाक्वालँडच्या एका व्याख्यानात वक्त्याने एकच खडक दोन ऋतूंत दाखवला होता. पहिल्या चित्रात खडकाच्या भेगेत तपकिरी कागदाचे तुकडे अडकल्यासारखं काहीतरी होतं. दुसऱ्या चित्रात त्याच भेगेतून हिरव्या मण्यांची दाट गादी वर आली होती. ती दोन चित्रं पाहिलेला माणूस उन्हाळ्यात कोनोफायटमला पाणी घालणार नाही.

रात्रीच्या थंडीचंही तसंच. अँडीज पर्वतात उंचावर वाढणारे रेब्युशिया थंड, कोरडा हिवाळा काढतात आणि तो मिळाला की वसंतात बुडापासून कळ्यांनी भरून जातात. वर्षभर उबदार खोलीत ठेवलेला रेब्युशिया हिरवागार राहतो, पण फुलायला कुरकुरतो. उलट मेलोकॅक्टस उबदार मुलुखातले. त्यांना दहा अंश सेल्सिअसच्या खाली नेणं धोक्याचं, पंधराच्या वर राहिलेलं बरं. दोघांना 'निवडुंग' म्हणून एकाच खिडकीत एकाच नियमाने ठेवलं तर एकाची गैरसोय ठरलेलीच.

सावलीबद्दल बहुतेकांची समजूत चुकीची असते. वाळवंट म्हणजे कडक ऊन, म्हणून निवडुंग कडक उन्हात, असं आपण धरून चालतो. पण सोनोराच्या वाळवंटातले ते उंच, हात पसरलेले सग्वारो लहानपणी बहुधा एखाद्या झाडाझुडपाच्या सावलीत रुजलेले असतात. ते झुडूप त्यांना ऊन, थंडी आणि चरणारी जनावरं यांपासून सांभाळतं. इंग्रजीत त्याला नर्स प्लँट म्हणतात, आपण दाईझाड म्हणू. वाढ इतकी सावकाश की पहिल्या आठ वर्षांत रोप जेमतेम एक ते दीड इंच होतं. बियांपासून केलेली आपली वर्षभराची रोपं थेट उन्हात नेल्यावर तांबूस का पडतात, याचं उत्तर त्या झुडपाखालच्या चित्रात आहे. भटकंतीच्या व्याख्यानात झाडाच्या आजूबाजूला काय आहे ते बघत जा. वक्ता फुलाबद्दल बोलत असतो आणि चित्राच्या कोपऱ्यात गवत, खडक, झुडपाची सावली गुपचूप बरंच काही सांगत असते.

रानातलं सगळंच घरी करायचं नसतं, हेही इथेच सांगतो. चिलीच्या अटाकामा किनाऱ्यावरचे कोपियापोआ समुद्रावरून येणाऱ्या धुक्याच्या ओलाव्यावर तग धरतात. ते ऐकून काही जण घरी रोज फवारा मारायला लागतात. काही कोपियापोआंवर पांढुरक्या मेणाचा थर असतो. क्षार असलेल्या जड पाण्याच्या फवाऱ्याने त्यावर डाग पडतात, आणि वारा नसलेल्या खोलीत ओलावा शेंड्याच्या लोकरीत अडकून राहतो. किनाऱ्यावर धुक्याबरोबर वाराही असतो. तो तुमच्या खिडकीत आहे का, ते आधी पाहा.

रानातली झाडं दिसायलाही वेगळी असतात. चपटी, खरबरीत, कधी अर्धी जमिनीत. एरिओकार्पस तर कोरड्या दिवसांत आपली मुळं आखडून स्वतःला मातीच्या पातळीवर ओढून घेतो. आपला निवडुंग उंच आणि गुळगुळीत दिसत असेल तर त्याचं कौतुक करण्याआधी त्याला उजेड पुरतोय का ते तपासा.

अंश, महिने आणि माती

तीन गोष्टी ऐकताच मनात बदलून घ्यायची सवय लावा.

तापमान: अमेरिकन वक्ता 'पन्नासच्या खाली नेऊ नका' म्हणतो तेव्हा तो फॅरनहाइटमध्ये बोलत असतो, म्हणजे १० अंश सेल्सिअस. चाळीस म्हणाला तर साधारण साडेचार अंश. वहीत आकड्यापुढे फ किंवा से लिहायला विसरू नका, नाहीतर सहा महिन्यांनी वाचताना काहीच अर्थ लागत नाही.

महिने: दक्षिण गोलार्धातला वक्ता 'ऑक्टोबरात पेरा' म्हणतो तेव्हा त्याच्याकडे वसंत असतो. याचं सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे श्लुम्बर्जेरा. ब्राझीलच्या आग्नेयेकडच्या डोंगराळ जंगलांत झाडांवर आणि खडकांवर वाढणारा हा निवडुंग तिथे मे महिन्याच्या सुमारास फुलतो आणि लोक त्याला 'मे महिन्याचं फूल' म्हणतात. तोच उत्तर गोलार्धात नोव्हेंबर-डिसेंबरात फुलतो आणि नाताळचा निवडुंग म्हणून विकला जातो. रात्री लांबत गेल्या आणि हवा गार झाली की त्याला कळ्या धरतात. दोन्हीकडे निमित्त तेच, कॅलेंडर तेवढं वेगळं. म्हणून वहीत महिना लिहू नका, 'रात्री लांबायला लागल्यावर', 'उन्हाळा तोंडावर असताना' असं लिहा.

माती: कोणी प्युमिस म्हणजे ज्वालामुखीचा हलका दगड सांगतो, कोणी अकादामा ही जपानी दाणेदार माती, ब्रिटिश माणूस जॉन इनेस हे कुंड्यांसाठीचं मिश्रण सांगतो. तुम्हाला त्यातलं काहीच मिळत नसेल म्हणून हताश होऊ नका. हे पदार्थ काय काम करतात ते विचारा. मिश्रणात खनिज भाग किती आणि कुजलेला सेंद्रिय भाग किती, खड्यांचा आकार काय, बारीक धूळ चाळून काढतात का. तीन ते सहा मिलिमीटरचे, धुतलेले, सच्छिद्र खडे हे वर्णन लक्षात ठेवलं तर पर्याय आपल्या आसपास शोधता येतो. पॅकेटवरचं नाव पाठ करून तो मिळत नाही.

नावं कशी पकडायची

लॅटिन नाव ऐकून लिहायच्या फंदात पडू नका. पहिली तीन अक्षरं आणि घड्याळातली वेळ टिपा. चित्रफीत आली की तिथे जाऊन पडद्यावरून नाव उतरवून घ्या. एकाच नावाचे उच्चार तीन देशांतले वक्ते तीन प्रकारे करतात आणि कोणी कोणाला चूक म्हणत नाही.

नावं बदलतातही. सापाच्या कातडीसारख्या पट्ट्यांचं, घरोघरी दिसणारं सॅन्सेव्हिएरिया आता ड्रॅसीनात गेलंय. मोत्यांच्या माळेसारखं सेनेसिओ आता क्युरिओ. हावर्थियातल्या काही जाती २०१३ पासून हावर्थिऑप्सिस झाल्या. वक्ता जुनं नाव घेईल, पडद्यावर नवं असेल किंवा उलट. दोन्ही लिहून घ्या. आणि कुंडीतली नावाची जुनी पट्टी कधीही फेकू नका, तिच्या मागे नवं नाव लिहा. साध्या शिसपेन्सिलीने लिहा. प्लास्टिकच्या पट्टीवर मार्करची शाई उन्हाने एका-दोन वर्षांत उडते, शिसपेन्सिलीचं अक्षर टिकतं.

नावापुढे कधी एक-दोन अक्षरं आणि एक आकडा दिसेल. तो क्षेत्र-क्रमांक. एखाद्या अभ्यासकाने ठरावीक ठिकाणी ठरावीक दिवशी नोंदलेली ती वसाहत असते. लिथॉप्समध्ये डेस्मंड कोल यांनी वेगवेगळ्या वसाहतींना दिलेले 'सी' क्रमांक आजही बियांच्या पाकिटांवर चालतात. तुमच्या कुंडीला असा क्रमांक असेल तर तो जिवापाड जपा. एकदा हरवला की झाडाकडे बघून तो परत काढता येत नाही.

प्रश्न विचारताना

शेवटची दहा-पंधरा मिनिटं प्रश्नांची. चॅट आणि प्रश्नोत्तराची चौकट वेगवेगळी असू शकते. सूत्रसंचालक सुरुवातीलाच सांगतात प्रश्न कुठे लिहायचा, तेव्हा लक्ष द्या. प्रश्न आधीच टाइप करून ठेवा. इंग्रजीची धास्ती बाळगू नका. श्रोत्यांत निम्मे लोक त्या भाषेत जन्मलेले नसतात, आणि वक्त्याला लहान, साधी वाक्यं आवडतात.

'माझ्या निवडुंगाची काळजी कशी घेऊ?' याला कोणीच उत्तर देऊ शकत नाही. तुम्ही सुरुवातीला लिहिलेल्या चार ओळी इथे कामाला येतात. उदाहरणार्थ: 'माझा रेब्युशिया तीन वर्षांचा आहे. सकाळचं चार तास ऊन मिळतं. हिवाळ्यातही रात्री १८ अंशांच्या खाली जात नाही. एकदाही फुललेला नाही. थंडी देता येत नसेल तर नुसता कोरडा विसावा देऊन उपयोग होईल का?' अशा प्रश्नावर वक्ता खुर्चीत पुढे सरकतो. मी हे बऱ्याचदा पाहिलंय. त्यालाही अशा हवेतला अनुभव नवा असतो, आणि मग श्रोत्यांतून कोणीतरी आपल्याकडच्या उबदार हिवाळ्याचा अनुभव चॅटमध्ये टाकतं. कित्येक वेळा वक्त्याच्या उत्तरापेक्षा तेच अधिक कामाचं ठरतं.

एक प्रश्न मात्र कधीही विचारू नका: 'हे नेमकं कुठे सापडतं?' रानातली जागा वक्ते मुद्दाम मोघम ठेवतात. डोंगराचं नाव टाळतात, क्षितिज कापून फोटो दाखवतात. त्यामागे मोठं दुःख आहे. २०२० साली इटलीत एका ठिकाणी छापा पडला तेव्हा चिलीच्या वाळवंटातून उपटून आणलेले हजाराहून अधिक निवडुंग सापडले. त्यांत कोपियापोआ होते, कित्येक खूप जुने. पुढच्या वर्षी त्यातले आठशेहून अधिक चिलीला परत पाठवण्यात आले. दक्षिण आफ्रिकेत कोनोफायटमची चोरी तर गेल्या काही वर्षांत फारच वाढली आहे. एखादी जात एकाच टेकडीवर असते, आणि पिशवी घेऊन आलेला एक माणूस एका दुपारी ती संपवू शकतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत १,४७८ निवडुंग जाती तपासल्या गेल्या आणि त्यांतल्या ३१ टक्के धोक्यात असल्याचं दिसलं. तेव्हा वक्त्याच्या एखाद्या चित्रावरून तुम्हाला जागा ओळखता आली तरी ती चॅटमध्ये लिहू नका. परवानगीशिवाय पडद्याचे फोटो पुढे पाठवू नका. 'रानातून आणलेलं' म्हणून कोणी झाड विकत असेल तर घेऊ नका. रानातून उपटलेलं झाड बहुधा मुळं मोडलेलं असतं आणि कुंडीत खंगत जातं, हा व्यवहाराचा भाग झाला. पण त्याची जागा रिकामी झाली, हे मला जास्त लागतं. देशाबाहेरून झाडं मागवायची झाली तर साइट्स करार, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार, लागू होतो. हा करार १९७३ चा, अमलात आला १९७५ मध्ये. जवळजवळ सगळे निवडुंग त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात, आणि एरिओकार्पस, डिस्कोकॅक्टस असे काही त्याहून कडक अशा पहिल्या परिशिष्टात. विक्रेता 'कागदपत्रं लागत नाहीत' म्हणाला तर तिथेच थांबा.

दुसऱ्या दिवशी

व्याख्यानानंतर हात शिवशिवतात. सगळ्या कुंड्या एकदम बदलाव्याशा वाटतात. तसं करू नका. वहीतली एकच गोष्ट उचला आणि एकाच कुंडीवर करून बघा. एकाच जातीची दोन झाडं असतील तर फारच उत्तम. एकात बदल करा, दुसरं जसंच्या तसं ठेवा, दोघांवर तारीख लिहा. कुंडी हातात घेऊन तिचं वजन बघायची सवय लावा. पाणी दिल्यावर एकदा उचला, पूर्ण कोरडी झाल्यावर एकदा उचला. महिन्याभरात हाताला फरक कळायला लागतो आणि 'दर किती दिवसांनी' हा प्रश्नच उरत नाही. बाहेर काढलेल्या झाडाच्या मुळांवर पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. तेव्हा बाकी प्रयोग थांबवून आधी त्याचा बंदोबस्त, आणि ती कुंडी इतरांपासून लांब.

चित्रफीत मिळाली तर आठवड्याभरात पुन्हा बघा, वेग थोडा कमी करून. पहिल्यांदा निसटलेलं बरंच सापडतं, विशेषतः ते 'पाऊस, रात्र, सावली, जमीन'.

चार-पाच व्याख्यानं झाली की बऱ्याच संस्थांत सभासदांनी आपलं झाड दाखवायचा छोटा कार्यक्रम असतो, त्यात नाव द्या. नवं लिथॉप्स मी असंच दाखवलं. मागे काळं कापड, बाजूने खिडकीचा उजेड, आकार कळावा म्हणून शेजारी मोजपट्टी, आणि नावाची पट्टी चौकटीत येईल अशी. लिथॉप्सचं फूल दुपारी उमलतं आणि संध्याकाळी मिटतं. कार्यक्रम रात्री असेल तर फोटो दुपारीच काढून ठेवा.